आतेच्या घराची तारीख

ताळगावला 4 ऑक्टोबर 2025 रोजी 'म्हजें घर' योजनेचा प्रारंभ झाला. केंद्रीय गृहमंत्री आले होते. आमच्या वाड्यावरून खास बसगाडी सुटली. जेवणाची सोय आहे, संध्याकाळी परत आणून सोडतात, असं पंच घरोघर सांगून गेला होता. शनिवार होता तो. कूळ-मुंडकारांच्या खटल्यांसाठी मामलेदारांनी शनिवारीही बसावं हे सरकारनेच ठरवलेलं, आणि माझ्या आतेच्या केसची तारीख नेमकी त्याच शनिवारी पडली होती. कचेरीत पोचलो तर शिपाई म्हणाला, साहेब कार्यक्रमाच्या ड्युटीवर आहेत, पुढची तारीख घेऊन जा.

म्हणजे गोरगरिबांना घराचा हक्क देणाऱ्या कार्यक्रमापायी एका म्हातारीच्या घराची सुनावणी पुढे गेली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. साहेबांनाही वरून आदेश होता. पण गोव्याच्या राजकारणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते बरंचसं त्या शनिवारात आलं. नीट सांगायचं तर खटला मुळापासून सांगायला हवा.

भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार. भाटाची, म्हणजे माडांच्या बागायतीची, राखण करायची, नारळ वेचायचे, चवथीला आणि लग्नकार्याला भाटकाराच्या घरी राबायचं. पोर्तुगीज अमदानीत भाटकाराचं मन फिरलं की मुंडकाराने चूल उचलून चालायला लागायचं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने 1964 साली कूळ कायदा आणला. शशिकलाताई काकोडकरांच्या काळात 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, आणि त्याच सुमाराला मुंडकाराला घरातून काढता येऊ नये म्हणून 1975 चा मुंडकार कायदा आला. आज वाचला तरी कायदा चांगलाच वाटतो. पंचायत क्षेत्रात घराखालची आणि भोवतालची मिळून 300 चौरस मीटर, पालिका क्षेत्रात 200, किंवा घराच्या बाहेरच्या भिंतींपासून चहूबाजूंनी पाच मीटर, एवढी जागा घराची धरायची. ती विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला आहे. दुरुस्तीचा हक्क आहे. मामलेदाराने मुंडकारांची नोंदवही ठेवायची, असंही त्यात आहे.

आतेच्या सासऱ्याचं नाव त्या नोंदवहीत नव्हतं, कारण तो नाव घालायला गेलाच नाही. भाटकार चांगला होता.

ज्यांचा भाटकार वाईट होता त्यांनी ऐंशीच्या दशकातच अर्ज केले, भांडले, आणि बऱ्याच जणांची घरं त्यांच्या नावावर झाली. चांगल्या भाटकाराच्या मुंडकारांचा घात झाला. आमचे भाटकार खरोखरच सज्जन. आतेच्या दिराला शाळेत घालायला त्यांनीच सांगितलं, दुखण्या-खुपण्याला त्यांच्याच गाडीतून म्हापशाच्या आझिलो इस्पितळात नेलं. अशा माणसाविरुद्ध मामलेदाराकडे कागद द्यायचा म्हणजे तोंड कसं दाखवायचं? सासरा म्हणायचा, भाटकाराचा शब्द आहे. शब्द होता, आणि तो त्यांनी मरेपर्यंत पाळला. नंतर मुलगे मुंबईला आणि परदेशात. डिसेंबर 2022 मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जानेवारीपासून विमानं उतरू लागली, आणि आमच्या भागात ज्या भाटांना कुणी विचारत नव्हतं त्यांचे भाव फोनवर ठरू लागले. वारसांनी भाट विकलं. घेणारी कंपनी गोव्याबाहेरची. विक्रीखतात आतेच्या घराचा उल्लेख आहे, नाही असं नाही. 'एक जुनं बांधकाम' एवढाच.

ते आम्हाला कळलं सिमेंटचे खांब आले तेव्हा. आतेने सकाळी दार उघडलं तर विहिरीच्या वाटेवर चार माणसं खड्डे खणत होती. तिने मला फोन केला आणि म्हणाली, कोणीतरी कुंपण घालतायत, त्यांना चहा द्यायचा का?

मी म्हापशाला एका पतसंस्थेत नोकरी करतो. कागदांची सवय आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आतेचा एकुलता मुलगा जहाजावर, लेक कुडाळला दिलेली. आते सत्तरी ओलांडलेली, विधवा, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला 2000 रुपये खात्यात येतात ते काढायला टपरीशेजारच्या बँकेत चालत जाते. त्याच पैशांतून ती मला झेरॉक्सचे पैसे द्यायला बघायची.

कागद जमवणं हा पहिला डोंगर. घरपट्टीच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत होत्या, काही वाळवीने खाल्लेल्या. विजेचं मीटर दिराच्या नावावर. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर. सासऱ्याचं आडनाव पोर्तुगीज काळच्या जन्मनोंदीत पोरोबो, घरपट्टीत परोब, आधारकार्डावर परब. तिन्ही माणसं एकच हे शपथपत्रावर लिहून द्यावं लागलं. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीवर कुणाचा काय हक्क त्याची सरकारी नोंद, काढला तर 'इतर हक्क' या रकान्यात काहीच नाही. मात्र सर्व्हेच्या नकाशावर घर काढलेलं आहे, छोटा चौकोन, शेजारी विहिरीची खूण. सत्तरच्या दशकात मोजणी झाली तेव्हा ज्यांनी त्या रकान्यात नाव घालून घेतलं ते आज निवांत आहेत. जुन्या मतदारयादीची पानं काढायला गेलो तेव्हा वाड्यावरची बाकी माणसंही तीच पानं शोधत होती, कारण मतदारयादीची सखोल फेरतपासणी चालू होती आणि प्रत्येकाला स्वतःचं नाहीतर आईबापांचं जुन्या यादीतलं नाव दाखवायचं होतं. ज्या पानावर आतेच्या सासूचं नाव सापडलं त्याच पानाने आतेचं मतही वाचलं आणि खटल्याला एक पुरावाही मिळाला. सरकारी कागदाचा असा दुहेरी उपयोग क्वचित होतो.

मुंडकाराचा हक्क वारसांना मिळतो, त्यामुळे वारसाखत करून घ्यावं लागलं. गोव्याचा वारसा कायदा पोर्तुगीज वळणाचा. नोटरीपुढे साक्षीदार, वर्तमानपत्रात जाहिरात, सगळ्यांच्या सह्या. कुडाळची लेक आणि जावई दोघांना सहीला यावं लागलं, कारण आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता समायिक. जावई सिंधुदुर्गातला, त्याला हे कळेचना. 'माझी सही कशाला, मी सासऱ्याच्या घरात तीन रात्री राहिलो असेन नसेन,' असं तो शेवटपर्यंत म्हणत होता.

मग पंचायत. घरक्रमांकाचा दाखला हवा होता. दाखला मिळाला, त्याबरोबर सल्लाही मिळाला: कशाला केस घालता, कंपनीवाले चांगले आहेत, दोन बेडरूमचा फ्लॅट देतील, मी बोलतो. बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की आतेचं भलं होईल. पण ज्या जागेचा हक्क कायद्याने तिचाच आहे ती सोडून तिने फ्लॅट घ्यावा, आणि त्यासाठी त्याचे उपकारही मानावे, हे त्याला खटकत नव्हतं.

तिथून पुढचा थांबा आमदारांचं ऑफिस. मला जायचं नव्हतं. पण वाड्यावरच्या प्रत्येकाने एकच सांगितलं, आमदाराचा फोन गेल्याशिवाय कचेरीत फाईल हलत नाही. सकाळी साडेआठला तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीस-पंचवीस माणसं. कुणाला नळाची जोडणी हवी, कुणाला पोराला कंत्राटी नोकरी, एका बाईला अडकलेला गृह आधारचा हप्ता. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आमच्या पाळीला कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारला, आतेचं मत कुठल्या बूथवर? मग आमदार स्वतः बोलले, आदराने बोलले, आतेला 'मावशी' म्हणाले, आणि समोरच मोबाइल काढून कचेरीत फोन लावला: 'आमची माणसं आहेत, बघा जरा.'

आते बाहेर आली ती खूश. किती चांगला माणूस, लगेच फोन केला. मला मात्र त्या फोनने अस्वस्थ केलं. फोनने काही झालं नाही हा भाग वेगळा. ज्या कामासाठी पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा आहे, ज्यासाठी अधिकारी नेमलेला आहे, ते काम 'आमची माणसं' म्हटल्यावर होतं असं एकदा ठरलं की 'आमची' नसलेल्यांचं काय? आणि आमदाराला तरी हा कायदा नीट चालावा असं का वाटेल? कचेरीत तारखेला निकाल लागू लागले तर सकाळी साडेआठच्या त्या खुर्च्या रिकाम्या पडतील. हे मी एका आमदाराबद्दल किंवा एका पक्षाबद्दल म्हणत नाही. आते जन्मभर सिंहावर, म्हणजे मगो पक्षाच्या निशाणीवर, शिक्का मारत आली, पुढे पोरं सांगतील तिथे. काँग्रेसचं राज्य तिने बघितलं, भाजपचं बघते आहे. खुर्च्या तशाच आहेत, भिंतीवरचे फोटो बदलतात.

जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले, सप्टेंबर 2022 मध्ये अकरांपैकी आठ. प्रत्येक वेळी कारण एकच दिलं गेलं, मतदारसंघाची कामं व्हावीत म्हणून. आपण त्यावर हसतो, शिव्या घालतो. पण त्या कारणात एक खरी गोष्ट कबूल केलेली आहे, ती कुणी पकडत नाही: विरोधी पक्षात बसलं तर कामं होत नाहीत, हे आमदारच सांगतायत. म्हणजे आतेच्या घराचा हक्क ती कुणाच्या मतदारसंघात राहते, आणि तो कुणाच्या बाकावर बसतो, यावर अवलंबून आहे.

वकिलाचं मात्र सोपं झालं. कायदा सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 1987 च्या कायद्यात तशी तरतूद आहे. अर्ज दिला, थोड्या दिवसांत एक तरुण वकीलबाई मिळाली. पतसंस्थेत माझ्यासमोर बसून कर्ज काढून वकिलाची फी भरणारी माणसं बघितली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग सुरू झाल्या तारखा.

तारीख का पुढे जाते याची कारणं मी डायरीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. साहेबांची बदली झाली. नवे साहेब रुजू झाले नाहीत. समोरचा वकील उच्च न्यायालयात अडकला. पावसात झाडं पडली, आपत्ती व्यवस्थापन. मतदारयादीचं काम. जिल्हा पंचायतीची निवडणूक. आणि एकदा, देवळातला वाद. गोव्याबाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, पण 1933 च्या देवस्थान नियमावलीनुसार मामलेदार हा तालुक्यातल्या देवस्थानांचा प्रशासक. जत्रेला पालखी कुणी उचलायची यावरून महाजनांत, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांत, भांडण झालं की कचेरीतला माणूस तिकडे धावतो. तोच कार्यकारी दंडाधिकारी, तोच निवडणुकीचं बघणारा, तोच पूर आला तर होडी शोधणारा, तोच मंत्र्याच्या दौऱ्याची व्यवस्था लावणारा, आणि मधल्या वेळात न्याय देणारा. मुंडकारांची फाईल मधल्या वेळात.

2014 साली कूळ-मुंडकारांचे खटले मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयात न्यायची दुरुस्ती झाली होती. गरिबाला वकील, फी, वर्षानुवर्षं, म्हणून लोक रस्त्यावर आले आणि ती पुढे फिरवावी लागली. फिरवली ते बरंच झालं. मात्र खटले परत मामलेदारांकडे आणताना त्यांची बाकीची ओझी कुणी कमी केली नाहीत. प्रत्येक तालुक्याला फक्त कूळ-मुंडकारांचं बघणारा एक अधिकारी द्या, त्याला निवडणूक नको, जत्रा नको, दौरे नकोत. विधानसभेत यासाठी नवं विधेयक लागत नाही. पदं भरावी लागतात. पण पद भरण्याचा कार्यक्रम स्टेडियममध्ये करता येत नाही.

आतेची उलटतपासणी झाली तो दिवस मला शब्दशः आठवतो. ती नऊवारी नेसून आली होती, चवथीला नेसते ती. खोली लहान, पंखा मोठ्याने वाजणारा, साहेबांच्या शेजारी टायपिस्ट. प्रश्न कोंकणीत, आतेची उत्तरं कोंकणीत, टायप होत होतं इंग्रजीत. आपण काय बोललो ते कागदावर काय उमटलं हे आतेला कळण्याचा मार्ग नव्हता. कंपनीच्या वकिलाचा सगळा रोख एकाच गोष्टीवर, कारण कायद्यात भाटकाराच्या मालकीच्या घरात भाडं देऊन राहणारा मुंडकार ठरत नाही. तेव्हा आतेच्या तोंडून भाडं काढायचं, एवढंच त्याचं काम.

'तुम्ही दर वर्षी भाटकाराला नारळ देत होता, हे खरं?'

'खरं.'

'न चुकता?'

'न चुकता.'

टायपिस्टची बोटं चालली. वकील साहेबांकडे बघून हसला.

'म्हणजे घरात राहण्याबद्दल नारळ देत होता.'

आते त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'भाडें न्हय बाब. माड त्यांचे, नारळ त्यांचे. पाडेली पाडायचा, मी वेचून त्यांच्या माडीवर पोचते करायची. त्यांचंच त्यांना दिलं ते भाडं कसं होईल?'

टायपिस्ट थांबला होता. वकीलबाईंनी उठून सांगितलं, हे उत्तर पूर्ण उतरवून घ्यावं. दुसऱ्या वकिलाने हरकत घेतली, प्रश्न फक्त देत होता की नाही एवढाच होता म्हणून. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि टायपिस्टला म्हणाले, सगळं घाल. त्या दोन शब्दांवर खटला कलला असं मला आजही वाटतं. त्या जागी आणखी घाईतला, दुसऱ्या ड्युटीवर निघालेला माणूस असता तर कागदावर फक्त 'दर वर्षी नारळ देत होते' एवढंच राहिलं असतं.

नंतरची स्थळपाहणी पावसाळ्यात आली. तलाठी, सर्व्हेयर, कंपनीचा एक पोरगा आणि छत्र्या. भिंतीपासून पाच मीटर मोजायचे तर भिंत कुठली? घराच्या पुढे पडवी आहे, मंगलोरी कौलांची, कमरेएवढ्या भिंतीची. पडवीच्या कडेपासून टेप लावली तर विहीर आतेच्या जागेत येते. आतल्या भिंतीपासून लावली तर विहीर कुंपणापलीकडे जाते. पोरगा म्हणाला, पडवी मागाहून केलेली आहे. आते घरात गेली आणि लेकीच्या लग्नाचा अल्बम घेऊन आली. मावळी आणि करवल्या पडवीत बसलेल्या, मागे तीच कमरेएवढी भिंत, कोपऱ्यात केळीचा खांब. सर्व्हेयरने छत्रीखाली अल्बमचं पान उलटून मागे स्टुडिओचा शिक्का आणि साल बघितलं. टेप पडवीपासून लागली. न्हाणी, गोठा, तुळस सगळं पंचनाम्यात आलं. विहीर थोडक्यात आत.

या सगळ्या काळात बाहेर राजकारणात जमिनीचंच चाललं होतं. त्याआधी, जुलै 2021 च्या अखेरीस विधानसभेने भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक घाईघाईत संमत केलं होतं. तीस वर्षं राहणारा तो भूमिपुत्र, 250 चौरस मीटरपर्यंतचं घर त्याच्या नावावर. इतका गदारोळ झाला की ते राज्यपालांपर्यंत गेलंच नाही. त्याच वर्षी जानेवारीत सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या बायका आयआयटीसाठी आपल्या बागायती जाऊ नयेत म्हणून विरोधात उभ्या राहिल्या. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसतात पण नावावर नाही, ही त्यांचीही तीच दुखरी जागा. सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. दुसऱ्या बाजूला नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) आलं, मग 2024 मध्ये 39 अ. एखाद्याच्या एका तुकड्याचं क्षेत्र बदलून हवं असेल तर त्याला वाट मोकळी. 17(2) चे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले, पण इच्छा असली की सरकारी फाईल किती वेगाने पळू शकते हे तोवर सगळ्यांनी बघून घेतलं होतं.

त्याच मार्चमध्ये रस्त्याकडेच्या आणि सरकारी, कोमुनिदादच्या (गावकीच्या) जागांतल्या बेकायदा बांधकामांवर कारवाईचा आदेश उच्च न्यायालयाने दिला आणि गावोगाव धाबं दणाणलं. त्यातून ऑगस्टमधल्या कायदेदुरुस्त्या आणि मग 'म्हजें घर'. सरकारी जागेतलं 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीचं घर नियमित होईल. काही जणांना हे आवडलं नाही. अतिक्रमण करणाऱ्याला बक्षीस, असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही. सरकारी डोंगरावर चार पत्रे ठोकून राहणारा हौसेने राहत नाही, आणि त्याच्या डोक्यावरचं छप्पर कायदेशीर झालं तर माझ्या आतेचं काही जात नाही. मला खटकतं ते एवढंच की योजनेच्या यादीत मुंडकारांचंही नाव घालून, त्यांच्यासाठीही आम्ही आज काहीतरी नवं केलं असं सांगितलं जातं. त्यांचं 1975 मध्येच झालं आहे. त्यांना उरलेलं काम होतं ते फक्त करून द्यायचं. वाड्यावर फॉर्म वाटायला आलेल्या पोराने आतेलाही एक फॉर्म दिला, वर फोटो होते. तिने तो माझ्याकडे ठेवायला दिला आणि विचारलं, हा भरला तर परत साक्ष द्यावी लागेल काय?

आणि भाटकारांबद्दलही एक सांगायला हवं. सगळे भाटकार बंगल्यात राहणारे नाहीत. आमच्याच गावात एका भाटकारीणबाईचं उत्पन्न तिच्या एका मुंडकाराच्या रिक्षेपेक्षा कमी आहे, आणि तिचीही केस तशीच रखडलेली. तिला जागेची किंमत मिळत नाही, त्याला जागा मिळत नाही. दोघंही एकाच बाकावर बसतात, डबा वाटून खातात आणि तारीख घेऊन एकाच बसने परत येतात. तारखा पडत राहण्याचा फायदा त्या दोघांपैकी कुणाला होत नाही. तो होतो विकत घेऊन वाट बघणाऱ्याला, ज्याच्याकडे म्हातारी दमण्याची वाट बघण्याइतका पैसा आहे.

आतेचा निकाल आला. ती मुंडकार असल्याचं जाहीर झालं, पंचनाम्यातली जागा मान्य झाली. आदेश इंग्रजीत, आठ पानं. मी तिला संध्याकाळी पडवीत बसून मराठीत सांगितला. नारळाचं उत्तर आदेशात जसंच्या तसं आलं आहे हे ऐकल्यावर तिने ते वाक्य परत वाचायला लावलं. वाड्यावर पेढे वाटले. आमदारांच्या ऑफिसातून फोन आला, काम झालं ना? आतेने आभार मानले. मी काही बोललो नाही, तिला आणखी दोन कामं आहेत त्यांच्याकडे.

कंपनीने उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अपील केलं आहे. ते होणारच होतं. कौलांखालचे वासे कुजलेत, दुरुस्तीचा हक्क कायद्यात आहे, पण पंचायत म्हणते केस चालू आहे, परवाना देता येत नाही. यंदा निळी ताडपत्री घातली आहे. 2027 च्या विधानसभेची हवा आत्ताच सुरू झाली आहे, म्हणजे अधिकारी पुन्हा निवडणुकीच्या कामाला लागणार आणि तारखा कुठे जाणार ते दिसतंच आहे. मधल्या काळात आदेशाची नोंद एक-चौदाच्या 'इतर हक्क' रकान्यात चढवावी म्हणून अर्ज दिला आहे. अपील प्रलंबित असताना नोंद चढत नाही, असं काउंटरवर सांगतात. स्थगिती नसेल तर चढते, असं वकीलबाई म्हणतात. चढत नाही हे लेखी द्या, असा दुसरा अर्ज मी दिला. त्याची पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही.